दोन गजांमधलं अंतर

माळ्यावरचा पाळणा खाली काढला तेव्हा लेकीला सातवा संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती मिरजेला आमच्याकडे आलेली. पाळणा जुना, माझ्या सासूबाईंच्या लग्नाच्याही आधीचा. सागवानी चौकट, कातलेले लाल-हिरवे गज, चारही कोपऱ्यांना नक्षीचे उभे खुंट आणि वर पितळी कड्या. मी कड्या चिंचेनं घासल्या, गज ओल्या फडक्यानं पुसले आणि पाळणा अंगणात उन्हाला ठेवला. या घरातल्या सात मुलांची नावं त्याच्यात ठेवली गेली. त्यातली दोन माझी.

लेक शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन बाहेर आली. तिला खाली बसणं जमत नव्हतं, म्हणून तिनं मलाच बसवलं.

"आई, दोन गजांमधलं अंतर बघ गं."

साडेनऊ सेंटिमीटर. पुढचं नऊ. त्याच्या पुढचं दहाला जरासं कमी.

"सहाच्या वर नको," ती म्हणाली. अमेरिकेत बाळाच्या कॉटसाठी हीच मर्यादा आहे, सुमारे सहा सेंटिमीटर. युरोपात साडेचार ते साडेसहाच्या मधे. मी म्हटलं, एवढ्याशा फटीतून बाळ कुठं पडतंय? तेव्हा तिनं पोटावर हात ठेवून मला नीट समजावलं. तान्ह्या बाळाच्या अंगात सगळ्यात मोठं आणि घट्ट काय असतं, तर डोकं. बाकीचं अंग मऊ. पाय सरकतात, कंबर सरकते, पोट दबून तेही सरकतं, छाती आडवी होऊन निघते. डोकं तेवढं आत राहतं. मग सगळं वजन मानेवर.

मी टेप गुंडाळून ठेवली. वैशाखाच्या उन्हात बसून माझे हात गार पडले होते.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. १९९१ चा पावसाळा, माझा थोरला पाच महिन्यांचा. मी परसात धुणं पिळत होते आणि सासूबाई माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाळणा हलला की कड्या करकरायच्या. त्या दुपारी करकर एकदम थांबली. झोपला असेल म्हणून दुसरं कुणीही सुपातच बघत राहिलं असतं. त्या उठल्या. बघतात तो मुलगा दोन गजांमधून काखेपर्यंत खाली आलेला, दोन्ही हात आत पसरलेले, पाय अधांतरी. त्यांनी त्याला खालून तोलून धरलं आणि मला हाक मारली. मग आम्ही दोघींनी त्याला कुशीवर वळवून हलके हलके परत वर घेतला. अंगावर लाल वळ उठले होते, तेवढंच. त्यानंतर तो पाळण्यात असला की कुणीतरी शेजारी बसायचं, एवढा नियम झाला. पाळणा तोच राहिला. चार वर्षांनी लेकही त्यातच वाढली.

ही गोष्ट आम्ही तेहेतीस वर्षं हसत सांगितली. बाळकृष्ण बंदिशाळेतून निसटला, असं म्हणत. गोकुळाष्टमीला तर हमखास. त्या दिवशी अंगणात मला पहिल्यांदा उमगलं, की तो वाचला तो हात आडवे पसरले होते म्हणून. हात वर झाले असते, तर पुढचा अडसर मानेचा होता.

मी लेकीला काही बोलले नाही. संध्याकाळी दिवा लावताना सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी उठला नसता तर..." त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, कानांनी कमी ऐकतात. पण हे त्यांना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मला माहितेय. मी कुठं हसायची तेव्हा?" आणि खरंच, मी आठवून पाहिलं, ती गोष्ट निघाली की त्या उठून आत जायच्या.

त्यानंतर मी पाळण्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. कोपऱ्यांचे खुंट किती देखणे! पण उभं राहायला शिकलेल्या मुलाच्या गळ्यातला काळा दोरा, ताईत, झबल्याची नाडी नेमकी त्यातच अडकणार. अमेरिकेच्या नियमात कोपऱ्याचा खांब वरच्या पट्टीपेक्षा दीड मिलिमीटरहून वर यायला नको, इतकं बारीक लिहिलेलं आहे. वाचताना सुरुवातीला अति वाटतं. मग लक्षात येतं, की अशा प्रत्येक आकड्यामागे एखादं मूल असणार. आणि तो लाल-हिरवा रंग. दात येताना दोन्ही मुलांनी ते गज चावलेले आहेत, खुणा अजून दिसतात. रंगातलं शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या डब्यात काय होतं, कुणी विचारलं?

सुताराला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यानं आपल्या घामाच्या उकाड्यात बाळाला वारा लागावा म्हणून गज लांब लांब ठेवले. त्याच्या मनात बाळच होतं.

नवीन कॉट बघायला आम्ही सांगलीला गेलो. दुकानात शिरलं की डोळे निवतात. फिकट पिवळं, फिकट गुलाबी, ढगांची चित्रं. प्रत्येक कॉटमध्ये भरगच्च बिछाना मांडलेला: फुगीर गादी, उशी, दोन्ही बाजूंना छोटे लोड, कडेनं कापसाची गुबगुबीत झालर, पायाशी रजई, कोपऱ्यात अस्वल. दुकानातली मुलगी झालरीला हात लावून म्हणाली, "काकू, हे बाळाचं डोकं आपटू नये म्हणून." ती मनापासून सांगत होती. तशीच झालर अमेरिकेत २०२२ च्या कायद्यानं विक्रीतूनच बाद केली आहे, कारण बाळाचं नाक-तोंड त्यात रुतलं तर मान वळवून बाजूला व्हायची ताकद त्याच्यात नसते. गजावर डोकं आपटलं तर बाळ रडतं. रडणारं बाळ श्वास घेत असतं.

तिथं एक कॉट अशी होती की एक बाजू खटका दाबून खाली सरकायची. मला ती फार सोयीची वाटली, वाकावं लागणार नाही. लेकीनं खटका दोनदा वर-खाली केला आणि मान हलवली. सरकती बाजू झिजली, एखादा स्क्रू ढिला झाला, की बाजू आणि गादी यांच्यात फट पडते आणि बाळ तिथं अडकतं. अशा कॉट अमेरिकेत २०११ च्या जूनपासून विकता येत नाहीत. इथं त्या गुळगुळीत फोटोंसकट मिळतात.

मी त्या दुकानात बराच वेळ उभी होते. मऊ दिलं म्हणजे माया केली, हेच आपण शिकलो. लग्नात मऊ गादी, आजाऱ्याला मऊ भात, बाळाला मऊ बिछाना. आणि डॉक्टर सांगतात ती बाळाची जागा कशी? सपाट, टणक, रिकामी. ताणून घातलेली एक चादर आणि त्यावर उताणं बाळ. बस. उशी नाही, पांघरूण नाही, खेळणं नाही. पहिलं वर्षभर तरी. मला ते आधी अनाथाश्रमातल्यासारखं वाटलं. खूप वेळानं पटलं. बाळाची श्वासनलिका अरुंद आणि लवचीक असते, उशीनं मान पुढं झुकून हनुवटी छातीला टेकली तरी वाट चेपते. मोठी माणसं अवघडली की कूस बदलतात. ते दोन महिन्यांचं पोर काय करणार?

शेवटी कॉट इथंच करून घेतली. मिरज हे सतारी-तानपुऱ्यांचं गाव, लाकडाला हळुवार हात लावणारी माणसं इथं आहेत. आमचे सुतारकाका त्याच हातांचे. त्यांना लेकीनं कागदावर मापं काढून दिली. आतली लांबी ११८ सेंटिमीटर, गज दोन सेंटिमीटर जाडीचे, मधली फट साडेपाच. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, हिशेब केला आणि म्हणाले, "एका बाजूला पंधरा गज येतात, ताई. आम्ही आठात भागवतो." मग त्यांनी विचारलं, इतके कशाला? मी त्यांना १९९१ ची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. त्यांना तीन नातवंडं आहेत. त्यांनी पंधरा गजांवर खूण केली आणि पैसे आठ गजांचेच लावले. मी पुष्कळ सांगूनही ऐकले नाहीत.

डोक्याकडच्या फळीत ते नेहमी बदाम कोरतात, आरपार. तो नको म्हटलं, कारण त्यात हात किंवा डोकं अडकू शकतं. मग त्यांनी फुलं कोरली, उथळ, फक्त लाकडावर बोट फिरवलं तर लागतील अशी. रंग नाही. सतारीला देतात तसं चपड्याचं पॉलिश. तळाची फळी दोन उंचींवर बसते: सुरुवातीला वर, बाळ बसायला लागायच्या आत खाली. खालच्या खाचेवर ठेवली की फळीपासून वरच्या पट्टीपर्यंत ६६ सेंटिमीटर. बाजू चारही पक्क्या, एकही सरकती नाही.

गादी आमच्या नेहमीच्या गादीवाल्या काकांकडे. बाळाची गादी म्हटल्यावर त्यांनी सगळ्यात हलका कापूस काढला. मी म्हटलं, "काका, कडक भरा. दाबून." त्यांनी मला दोनदा विचारलं. "बाळाची ना?" मग पाच किलो कापूस ठासून भरला आणि टाके जवळजवळ घातले. गादी आणून कॉटमध्ये घातली तेव्हा कडेनं दोन बोटं जेमतेम शिरत होती. त्याहून जास्त जागा राहिली असती तर परत शिवून घेणार होते. कापसाची गादी दबते, तिला खळगा पडतो, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. तळहात दाबायचा, उचलायचा; ठसा राहिला तर गादी पिंजायला द्यायची. फोमची घेतली असती तर हा व्याप नव्हता, पण मला कापसाचीच हवी होती आणि मी तो व्याप आनंदानं करते.

आता झोळीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. सांगली-कोल्हापूरच्या उसात दर हंगामाला बीडकडून टोळ्या येतात. फडाच्या कडेला बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते, आत तान्हं मूल. लेकीनं वाचलेल्या सगळ्या नियमांत झोळी बसत नाही. तिच्यात बाळ धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला लागते, कापड तोंडावर येतं. थोडी मोठी पोरं झोळीशी खेळताना गळ्याला पीळ बसून गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण त्या आईनं काय करावं? खाली पाचट आहे, पाचटात साप-विंचू आहेत, मुंग्या आहेत, उसाची गाडी मागं-पुढं होते आहे. जमिनीपासून वर, सावलीत, डोळ्यांसमोर अशी तिच्या हातातली एकच जागा म्हणजे ती झोळी. तिला कुणी पुस्तकातला नियम वाचून दाखवला तर मला राग येईल.

न्यूझीलंडमध्ये मात्र एक फार चांगली गोष्ट झाली. माओरी लोकांत आईच्या कुशीत बाळ निजवायची रीत, आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाणही त्यांच्यात जास्त. नुसतं 'कुशीत घेऊ नका' सांगून आया ऐकेनात. तेव्हा २००६ च्या सुमारास तिथल्याच डॉक्टर आणि विणकर मंडळींनी हाराकेके नावाच्या पातीची उथळ परडी विणली, 'वाहाकुरा'. बाळ परडीत आणि परडी आईच्या अंथरुणातच. आईचा वास, ऊब, हात सगळं जवळ, आणि बाळाची सपाट जागा बाळाची. फडातल्या आईसाठी असं काही आपल्याकडे व्हायला हवं. बुरूडआळीत इतके कसबी हात आहेत. झोळीच्या तळाशी ताठ, सपाट बूड राहील, कापड तोंडावर येणार नाही, असं काही वेताचं-बांबूचं. मी सुतारकाकांशी बोलले आहे. ते म्हणाले, करून बघू.

बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली, पावणेतीन किलोची.

घरी आल्यावर पहिला प्रश्न मोहरीच्या उशीचा निघाला. सासूबाईंनी ती महिनाभर आधीच शिवून ठेवली होती: पांढरं मलमल, आत निवडून, धुऊन, वाळवलेली मोहरी. डोकं गोल बसावं म्हणून. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनीच शिवली होती. लेकीला नाही म्हणवेना. मला तर त्याहून नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाई तपासायला आल्या, त्यांनी उशी हातात घेतली, शिवण पाहिली, आणि सासूबाईंच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलल्या. "आजी, टाके किती सुंदर आहेत हो. पण हिला उशी नको. डोकं चपटं होऊ नये म्हणून रोज बाजू बदलून तोंड ठेवू या, आज खिडकीकडे, उद्या दाराकडे. आणि जागी असताना तुमच्यासमोर पालथी टाका, थोडा थोडा वेळ. झोपवताना मात्र उताणीच." सासूबाई म्हणाल्या, "उताणीच झोपवायची असते की, आम्ही दुसरं कधी केलं?"

हे मला फार बरं वाटलं. कारण यात त्या बरोबर होत्या आणि मोठमोठे डॉक्टर चुकले होते. पश्चिमेकडे अनेक वर्षं बाळांना पालथं निजवायचा सल्ला दिला जात होता. ब्रिटननं १९९१ च्या अखेरीस मोहीम काढून तो सल्ला फिरवला, अमेरिकेनं १९९२ पासून, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या तिकडे निम्म्याहून खाली आली. आमच्या माजघरात ते न सांगता चालू होतं. बाळ आईच्याच खोलीत निजावं, हेही तसंच. निदान पहिले सहा महिने खोली एक असावी, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आज सांगते. करकर थांबलेली ऐकू यायला कुणीतरी त्याच खोलीत लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई चष्मा लावून बसल्या आणि त्यांनी उशीची शिवण स्वतःच्या हातानं उसवली. मोहरी ताटात ओतली. मलमलचे दोन लंगोट निघाले.

मी शिवलेली गोधडी तेवढी उरली. माझ्या आईच्या तीन नऊवारी तिच्यात आहेत, चार महिने बसून टाके घातले. ती कॉटमध्ये जाणार नव्हतीच. मग ती सकाळी ओसरीवर जमिनीवर पसरायला लागलो. तेल-अंघोळ, शेक झाला, बाळ जागं असलं, की त्या गोधडीवर पालथं. सासूबाई शेजारी पाटावर. नात मान उचलते, थरथरते, पुन्हा टेकवते आणि त्या मोजतात. आज सात. आज नऊ.

रात्री अवघड जायच्या. मिरजेचा उकाडा, त्यात वीज गेली की डास. मच्छरदाणी आम्ही कॉटच्या बाहेरून चौकटीला ताणून बांधली, आत लोंबणार नाही अशी. कुंची आणि टोपडं घरात बंद. बाळ डोक्यातून बरीच उष्णता बाहेर टाकतं, तेच झाकलं तर तापतं. हात गार लागले तर मला स्वेटरची आठवण यायची. मग छातीला हात लावायचा. छाती कोमट, कोरडी असली की ठीक. आणि तीनच्या सुमाराला लेक पाजताना पेंगायची. ही वेळ मला सगळ्यात भीतीची वाटे. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागणं हे अंथरुणात लागण्यापेक्षाही कितीतरी वाईट, फटीत आणि मऊपणात बाळ केव्हा रुतलं कळत नाही. म्हणून मी तिला खुर्चीत बसू दिलं नाही. गजर लावून उठायचे, समोर बसायचे, तिचं पाजून झालं की बाळ घेऊन ढेकर काढून कॉटमध्ये ठेवायचे. चाळीस दिवस. माझ्या वेळी सासूबाई अशाच बसायच्या, हे मला तेव्हा आठवलं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. सासूबाईंची इच्छा होती, नाव जुन्या पाळण्यातच ठेवायचं. ठेवलं. भोवती बायका दाटीनं उभ्या, प्रत्येकीचा हात कडेवर. रीतीप्रमाणे आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवला आणि आत निजवला. लहानपणापासून हे पाहत आले, पण या वेळी मला वाटलं, पाळणा वजन पेलतो का, कड्या धरतात का, हे कुणा शहाण्या बाईनं आधी दगड ठेवून बघितलं असेल आणि त्याचीच रीत झाली असेल. मग नात ठेवली. आत्यानं कानात नाव सांगितलं. घुगऱ्या वाटल्या. तासाभरात नात आपल्या कॉटमध्ये गेली.

थोरला बारशाला पुण्याहून आला होता. पंगत उठल्यावर तो रिकाम्या पाळण्याशी उभा राहिला आणि नेहमीसारखा हसला. "इथूनच निसटलो होतो ना गं मी?" मी हसले नाही. टेप कोनाड्यातच होती, ती त्याच्या हातात दिली. त्यानं फट मोजली. नंतर मी सांगितलं ते सगळं ऐकलं, पाय, कंबर, छाती, मान. त्यानं मूठ वळून गजांमधून घातली. अख्खा हात कोपरापर्यंत पलीकडे गेला. तो तसाच थोडा वेळ उभा होता.

मग त्यानं हात काढून घेतला आणि विचारलं, "आई, पाना कुठाय?" आतल्या खोलीत बाळ लेकीच्या मांडीवर जागं होतं. तो रिकाम्या कॉटपाशी गुडघ्यांवर बसला आणि एकेक नट आवळून बघायला लागला.